चुकीच्या गाडीचे कंडक्टरबुवा

या, जरा जवळ सरकून बसा. आणि हातातला तो मोबाईल आधी पालथा ठेवा बरं. मघापासून पाहते आहे, मी बोलते इकडे आणि तुमचा अंगठा पळतो तिकडे. तुम्हा लोकांची बोटं डोळ्यांच्या आधी धावतात, म्हणूनच भलत्याच दारात जाऊन उभे राहता. रागावू नका. चौथी शिकलेली बाई इंटरनेटच्या गोष्टी सांगते याचं हसू आलं असेल तर हसून घ्या. पण भलत्या दारात येणाऱ्यांसाठीच आमच्या अड्याळात एक माणूस इंटरनेटवर दार उघडून बसला होता, आणि तो माझा शेजारी होता. नाव श्रावणजी. गाव त्यांना कंडक्टरबुवा म्हणायचं. एसटीत कंडक्टर होते म्हणून कंडक्टर, आणि भजन म्हणायचे म्हणून बुवा.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते चुकीच्या गाडीत. तेव्हा मी गावात नवी होते, कडेवर माझा थोरला, हातात वांग्यांची थैली, आणि तुमसरला माहेरी निघालेली. अड्याळहून भंडाऱ्याला आले, स्टँडवर मुलाला पाणी पाजलं आणि समोर लागलेल्या गाडीत चढले. "तुमसर एक," म्हणून हात पुढे केला तेव्हा गाडी शहराबाहेर पडली होती. गाडी होती पवनीची. म्हणजे मी जिथून आले तिकडेच परत निघाले होते. माझे डोळे भरून आले. समोरचा कंडक्टर तिकिटाच्या चिमट्याने कानामागे खाजवत म्हणाला, "रडू नको माय. तू नाई चुकली. गाडीच तुले उचलून आनून राहिली." सारी गाडी हसली, मीही हसले. पुढे समोरून भंडाऱ्याकडे जाणारी गाडी दिसली तशी त्यांनी घंटी मारली, खाली उतरले आणि रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे राहिले. ती गाडी करकचून थांबली. तिच्या कंडक्टरला म्हणाले, "हे बाई माझी नाई, तुझी होय. हिले तुमसरच्या गाडीत बसवून दे, थैलीसकट. आन् बसवल्यावर मले सांगजो."

सहा महिन्यांनी तेच गृहस्थ आमच्या वार्डात, आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आले. सामान उतरायच्या आधी कुंपणावरून त्यांनी मला विचारलं, "काय वो माय, तवा तुमसरले पोचली का?"

असे ते. नोकरीभर त्यांचा एकच नियम होता, आणि तो ते देवाच्या नावासारखा घोकायचे. "चुकून चढला तो पयला उतारू. त्याले आधी पोचवाचं, मंग बाकीच्यायचे तिकिटं फाडाचे." हा नियम तुम्ही ध्यानात ठेवा. पुढे ते स्वतः विसरले, म्हणून सांगते.

रिटायर झाल्यावर त्यांनी मारुतीच्या देवळातलं गुरुवारचं खंजेरी भजन अंगावर घेतलं. एके काळी त्या भजनाला मंडपात जागा मिळत नसे. नंतर घरोघरी टीव्ही आले, मग हे मोबाईल आले, आणि आम्ही उरलो पाच जण. बुवा खंजेरीवर, त्यांच्या घरच्या यमुनाबाई झांजेवर, एकतारीवर दामाजी, ज्यांना एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने ऐकायचं नसतं, एक शिंपी, आणि मी. भजन संपल्यावर बुवा बोटं चोळत बसायचे. आयुष्यभर चिमटा दाबून दाबून त्यांची बोटं आखडत चालली होती. खंजेरी मांडीवर ठेवून म्हणायचे, "सुमनबाई, माह्यामागं हे कोन घेईन वो?"

"दामाजी आहेत ना," मी म्हणायची.

"तो? त्याले गाडी सुटली तेच आयकू येत नाई."

दामाजी हसून मान हलवायचे. त्यांना वाटायचं, कौतुक चाललं आहे.

तर खंजेरी घेणारा कोणीतरी हवा होता आणि देवळात नवं माणूस पाऊल टाकत नव्हतं. आता बुवांची दुपार जायची चौकातल्या संगीताच्या दुकानात. संगीता आमच्या गावची सून, लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं तिचं दुकान आहे आणि तिथे कूलर आहे. बुवा कूलरसमोर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला पाहायचे. एक दिवस एक शेतकरी आपल्याच मोबाईलवर तुमसरच्या बाजारातले धानाचे भाव शोधत होता. वेबसाइटचा पत्ता टाकताना त्याच्याकडून एक बटण बाजूचं दाबलं गेलं आणि धानाच्या भावाऐवजी पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात उघडली. माणूस ओशाळला. संगीता म्हणाली, "रोजचंच हाय काका. लोकं पत्ता चुकवतेत हे या जाहिरातवाल्यायले मालूम असते. ते मुद्दाम चुकलेले पत्ते घेऊन ठेवतेत."

बुवा ताडकन उठून उभे राहिले. "म्हंजे चुकीच्या गाडीत बसलेला मानूस! आन् त्याले हे जुगाराच्या अड्ड्यावर उतरवून राहिले?"

"तसंच समजा."

"मंग आपल्या देवळापाशी काहून नाई उतरवाचं?"

संगीताने खूप समजावलं. पण बुवांच्या डोक्यात एकदा डबल बेल वाजली की गाडी निघालीच. पेन्शनीतून त्यांनी तीन चुकलेले पत्ते घेतले. एक धानाशी जुळणारा, एक दहावीच्या निकालाशी आणि एक लग्न जुळवणाऱ्यांशी. तिन्ही पत्ते एकाच पानावर यायचे. पानावर मारुतीचा फोटो, खाली हात जोडलेले बुवा, गळ्यात नोकरीच्या काळची चामडी बॅग. मी म्हटलं, "बॅग कशाला?" तर म्हणाले, "उतारूले कंडक्टर वळखू आला पायजे." पान उघडताच खंजेरी आपोआप वाजू लागे आणि बुवांनी स्वतः बांधलेलं भजन सुरू होई, "गाडी सुटली, सुटू दे बापा, दुसरी येते मागून." आवाज असा की फोन हातातून पडावा.

त्यानंतर जे झालं ते आठवलं की हसून हसून माझं अजून पोट दुखतं. निकालाच्या दिवशी आमच्याच वार्डातले मास्तर मुलाचा निकाल पाहायला बसले. घरात सगळे श्वास रोखून. बोट चुकलं आणि पडद्यावर बुवा आले, खाली मोठ्या अक्षरांत, "अरे मानसा, जे व्हाचं ते होऊन गेलं. आता कायले भेतोस?" मुलगा रडायला लागला. मास्तरीणबाई देवासमोर जाऊन बसल्या. पोरगं पास झालं होतं हो! वरठीच्या पोलाद कारखान्यातला एक कामगार बापासाठी धानाचा भाव पाहत होता, तर सायकल स्टँडवर खंजेरी सुरू झाली आणि ती बंद कशी करायची हे कोणालाच कळेना. मागून मुकादम आला तोही ठेका धरून. असं त्या कामगारानेच फोन करून सांगितलं. बुवा खूष. "पाहा सुमनबाई, मुकादमसुद्दा."

संगीता म्हणायची, "काका, लोकं येतेत आन् पळतेत."

"स्टँडवर झाडाखाली दोन मिनिटं उभा राहिला तं सावली लागतेच न त्याले?"

पण पळणाऱ्यांमधून खंजेरी घेणारा कसा मिळणार? म्हणून बुवांनी पानाच्या खाली एक चौकोन करून घेतला. "आपले नाव, गाव व फोन नंबर लिहा." लिहिलं की पुढे उमटायचं, "तुमची नोंद झाली. आता निश्चिंत राहा." मनात असं, की नोंदलेल्या माणसाला दर बुधवारी फोन करून उद्याच्या भजनाचं आवतण द्यायचं. आणि गंमत पाहा, नावं येऊ लागली. बुवा ती जुन्या वहीत उतरवून घ्यायचे आणि गुरुवारी देवळात वाचून दाखवायचे. फोनवर "तुमची नोंद हाय जी" एवढं म्हटलं की भजनाचं ऐकायच्या आधीच लोक म्हणायचे, "हो हो, येतो, कधी बोलावता?" येत मात्र कोणी नव्हतं. बुवा म्हणायचे, "येतील. धानाचे दिवस हायेत, लोकायले फुरसत नाई." आम्हीही मान हलवायचो. पाच म्हाताऱ्यांना एवढ्या नावांची यादी म्हणजे जत्राच वाटत होती.

आणि मग एका गुरुवारी, भजन ऐन रंगात असताना, देवळाच्या पायरीशी एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची, नऊवारी खोचलेली, पायाला चिखल, हातात मोबाईल. तिने विचारलं, "खंजेरीवाला बुवा कोन?"

आमचं भजन थांबलं. बुवांचा चेहरा असा उजळला की मारुतीपुढचा दिवा फिका पडावा. खंजेरी ठेवून ते धावतच पायरीपर्यंत गेले. "या माय, या! बसा, पानी घ्या. इंटरनेटवरून आल्या का?"

"हो," बाई म्हणाली. "इंटरनेटवरूनच आली."

यमुनाबाईंनी माझा हात दाबला. शेवटी एक उतारू आला होता.

"नाव सांगा माय."

"मंगला. पहेला गावाकडची. तुमच्याकडं माही नोंद हाय."

"हाय न! आठवून राहिलं मले, मंगला, हाय!"

"हाय न?" बाईचा आवाज चढला. "मंग माहा धान कोन मोजते? तुमी का तुमचा मारुती?"

तिने सांगितलं ते असं. सरकारी केंद्रावर धान विकायचा तर आधी ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं. तिचा नवरा पाय मोडून घरी पडलेला. तिने स्वतःच मोबाईलवर पत्ता टाकला. मारुतीचा फोटो आला, गळ्यात बॅग घातलेला सरकारी वाटणारा माणूस आला, नाव-गाव विचारलं, नोंद झाली आणि निश्चिंत राहा म्हणाले. ती निश्चिंत राहिली. ट्रॅक्टर करून सगळा धान केंद्रावर नेऊन टाकला. तिथले बाबू म्हणाले, बाई, तुमचं नाव यादीत नाही. तिने पुरावा म्हणून मोबाईल उघडून टेबलावर ठेवला. खंजेरी सुरू झाली. सगळं केंद्र हसलं, आणि त्यातल्याच एकाने बुवांना ओळखून तिला आमच्या देवळाचा रस्ता सांगितला.

"लोकं हासले, त्याचं काई नाई," ती म्हणाली, "पन माहा धान उघड्यावर हाय आन् आभाळ भरून आलं हाय. घरी दोन म्हशी, एक नवरा. मी कोनाकोनाले राखू? तुमी देवाचं नाव घेता जी. देवाचं नाव घेनाऱ्यानं बाईले असं फसवाचं?"

बुवा खाली बसले. वही उघडली. एकेका नावावर आखडलेलं बोट फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "यमुने, हे भक्त नोहेत. हे सारे चुकून चढलेले उतारू हायेत. आन् मी त्यायले पोचवाचं सोडून गाडीत कोंबून बसलो."

दामाजींनी विचारलं, "काय झालं?"

त्याच संध्याकाळी बुवांनी संगीताला दुकान पुन्हा उघडायला लावलं. नोंदणीची मुदत अजून संपली नव्हती. मंगलाबाईचं नाव खऱ्या ठिकाणी चढलं, पण नंबर लागला पार शेवटी. म्हणजे धानाची राखण आणखी आठ-दहा दिवस. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा वही आणि फोन घेऊन दुकानात बसले ते दुपारपर्यंत. एकेकाला फोन. "नमस्कार जी. तुमी माह्याकडं नाव देल्लं, ते चुकीच्या गाडीत बसल्यावानी झालं. उतरा, मी दुसऱ्या गाडीत बसवून देतो. संगीताबाईशी बोला." काहींनी शिव्या दिल्या. त्या बुवांनी पूर्ण ऐकून घेतल्या, मधे "हो जी, बरोबर हाय जी" म्हणत. एकजण मुलीसाठी स्थळ शोधत होता. त्याला म्हणाले, "स्थळ माह्याकडं नाई बापा, पन मुलगी शिकलेली हाय तं घाई काहून करता?" तेवढा उपदेश सोडवला नाहीच त्यांना.

आणि मग ते उठले. मला म्हणाले, "सुमनबाई, ताडपत्री काढा. मंडळ धानावर चाललं."

आम्ही पाच म्हातारी माणसं एसटीने त्या केंद्रावर गेलो. मंगलाबाई आम्हाला पाहून कपाळावर हात मारून घेत म्हणाली, "आता हे आनखी कोन?" बुवा म्हणाले, "तू घरी जाय माय. म्हशी पाहाय. तुहा धान आता आमच्या गाडीत हाय, पोचवून देतो." ती जाईना. तिचा विश्वास कसा बसणार? शेवटी यमुनाबाईंनी आपली सोन्याची पोत गळ्यातून काढून तिच्या हातात ठेवली, "हे राहू दे तुह्यापाशी." मंगलाबाईने ती यमुनाबाईंच्या गळ्यात परत घातली, ताडपत्रीचे कोपरे स्वतः दगड ठेवून दाबले, आणि गेली.

पाळी लावून आम्ही रोज जायचो. सकाळची गाडी, संध्याकाळची परत. रात्रीची पाळी शिंप्याची, तो तिथेच मुक्कामाला. पहिल्या दिवशी बकऱ्या हाकलण्यातच जीव गेला. दामाजींना मागून येणारी बकरी ऐकू येत नसे, आणि बकऱ्यांना ते कळलं होतं. दोनदा पावसाची सर आली. बुवा ताडपत्रीवर आडवे पडले, ती उडू नये म्हणून. मी ओरडले, "अहो, तुम्ही भिजता आहात!" ते पडल्यापडल्याच म्हणाले, "मी भिजलो तं वाळीन. धान भिजला तं कोंब येते."

आता तुम्हीच सांगा, धानाच्या केंद्रावर माणूस काय करतो? वाट पाहतो. आपला काटा कधी लागेल याची वाट पाहणारे शेतकरी पोत्यांवर बसलेले, तंबाखू मळत, आभाळाकडे बघत. तिसऱ्या दिवशी दुपारी बुवांनी वेळ जाईना म्हणून खंजेरी काढली. एकजण म्हणाला, "अरे, हे तं तेच मोबाईलवालं!" हसू उसळलं. पण माणसं उठून गेली नाहीत. कुठे जाणार? बुवांनी त्यांना उपदेश केला नाही, एकही शब्द नाही. नुसतं म्हणाले, "पुढं सरका जी, मागच्यायले जागा द्या." आणि गात राहिले. चौथ्या दिवशी लोक आधीच पोती मांडून बसले होते. मंडप तेवढा भरलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. आणि तो मंडपही नव्हता हो, पोती आणि आभाळ.

काट्याच्या दिवशी मंगलाबाई आली, सोबत जवसाची चटणी, भाकरी. धान मोजून झाला, एक पसाही कमी नाही. तिने सगळ्यांना भाकऱ्या वाढल्या. बुवा गात होते, पण बोटं चालत नव्हती, ठेका मागे पडत होता. ती बराच वेळ ऐकत राहिली, मग तिला राहवेना. "अजी, काय वाजवून राहिले? द्या इकडं." तिने खंजेरी ओढूनच घेतली आणि असा ठेका धरला की हमाल पाठीवरचं पोतं तसंच घेऊन थांबला. तिचा बाप दंडारीच्या नाचगाण्यात वाजवायचा, ही मागे बसून शिकलेली. बुवा माझ्याकडे पाहत होते. रिकामा हात मांडीवर ठेवून चोळत राहिले.

इंटरनेटवरचं ते पान त्यांनी बंद केलं नाही. पण आपोआप वाजणारी खंजेरी काढली, नावाचा चौकोन काढला, आणि सगळ्यात वर खरे पत्ते लावून मोठ्या अक्षरांत लिहवलं, "तुम्ही चुकून आमच्या गाडीत बसलात. घाबरू नका. तुमची गाडी ही. यावर बोट ठेवा." अगदी तळाशी बारीक अक्षरांत, "वेळ असला तर एक भजन ऐका." मी विचारलं, "बुवा, एवढं बारीक कोण वाचेल?" ते म्हणाले, "ज्याची गाडी लेट हाय, तो वाचते."

मागच्या थंडीत ते गेले. भंडाऱ्याला दवाखान्यात होते. आम्ही भेटायला गेलो तर खाट रिकामी. यमुनाबाईंचा जीव उडाला. पाहतो तर बुवा सलाईनची बाटली हातात उंच धरून व्हरांड्यातून येत आहेत. एक म्हातारी मुलाला शोधत चुकून त्यांच्या वार्डात शिरली होती, तिला वरच्या मजल्यावर पोचवून आले. नर्स ओरडत होती. बुवा म्हणाले, "माय, चुकून चढला तो पयला उतारू." नर्सला काय कळणार? दोन दिवसांनी ते गेले.

पुढच्या गुरुवारी आम्ही चौघं देवळात जाऊन बसलो. खंजेरी त्यांच्या जागेवर ठेवली. कोणी हात लावेना. दामाजी एकतारी लावत होते, लावतच होते. आणि संध्याकाळच्या गाडीने मंगलाबाई आली. पायरीवर पाय धुतले, आत येऊन बुवांच्या जागेवर बसली, खंजेरी उचलली. यमुनाबाईंनी विचारलं, "बाई, एवढ्या दुरून दर गुरुवारी जमन का तुले?"

ती म्हणाली, "माही नोंद तं कवाचीच झाली हाय जी. बुवा म्हनले होते न, निश्चिंत राहा."

आणि तिने ठेका धरला. दामाजींना पहिल्याच थापेला ऐकू आलं.

तर असं आहे. आता उचला तो मोबाईल, मघापासून त्याच्याकडे चोरून पाहता आहात. पण एकदा या हो इकडे. भंडाऱ्याहून पवनीची गाडी धरा, अड्याळला उतरा, देऊळ कोणीही दाखवेल. गुरुवार असेल तर उत्तमच, नसेल तर माझ्या घरी चहा आहे. लवकर या मात्र. आम्ही पाचच आहोत, आणि मंगलाबाई सोडली तर सगळ्यांचीच गाडी लागलेली आहे.